विशाखेचा पाचवा वर आणि आपल्या घरची चूल



अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली, ही कथा आपल्या विहारांतून पुष्कळदा सांगितली जाते. विनयपिटकातील त्याच महावग्गात विशाखेचीही एक हकीकत आहे. ती मात्र क्वचितच ऐकावयास मिळते. आज तिचाच अभ्यास करू.

श्रावस्तीच्या विशाखेने तथागतांजवळ आठ वर मागितले. हे वर स्वतःला काही मिळावे म्हणून नव्हते. आयुष्यभर संघाला देत राहण्याची ती परवानगी होती. त्यातील चौथा वर आजारी भिक्खूंच्या भोजनाचा आणि सहावा त्यांच्या औषधाचा. या दोहोंच्या मध्ये तिने पाचवा ठेवला : आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याचे भोजन. पालीत त्याला 'गिलानुपट्ठाकभत्त' म्हणतात.

यात तुला काय हित दिसते, असे तथागतांनी विचारले. तिचे उत्तर अगदी घरसंसार चालविणाऱ्या बाईचे आहे. सेवा करणारा भिक्खू स्वतःच्या भिक्षेसाठी गावात फिरत बसला, तर आजाऱ्याचे अन्न आणण्यास त्याला उशीर होईल, मध्यान्ह टळेल आणि आजारी उपाशी राहील. म्हणजे विशाखेने सेवकाची केवळ कीव केली नाही. सेवकाचे जेवण हा रोग्याच्या उपचाराचाच भाग आहे, हे तिने ओळखले.

आता आपल्याकडचा मोठा सरकारी दवाखाना डोळ्यांसमोर आणा. भरती झालेल्या रोग्याला तेथे आहार मिळतो. पण त्याच्यासोबत खेड्यातून आलेली बायको, आई किंवा भाऊ? चिठ्ठी घेऊन धावायचे, रक्ताचा नमुना पोचवायचा, रात्री व्हरांड्यात चादर टाकायची, आणि जवळचे पैसे औषधासाठी राखून चहा-बिस्किटावर दिवस काढायचा. खाटेजवळून उठण्याचीही त्यांना भीती वाटते.

आमच्या वस्तीतील चार कुटुंबे आळीपाळीने अशा एका दवाखान्याबाहेर दुपारचे जेवण नेतात. प्रथम आम्हीही याला 'पुण्याचे काम' एवढेच समजत होतो. एका दिवशी आमच्या घरी भाकऱ्यांना उशीर झाला. साडेअकराऐवजी दीड वाजला. आमची वाट पाहून एक बाई नवऱ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी काहीतरी खाण्याचे शोधायला बाहेर गेली होती. तेवढ्यात डॉक्टर येऊन गेले. बाहेरून आणावयाच्या औषधाची चिठ्ठी खाटेवर तशीच पडून राहिली आणि औषध संध्याकाळी आले. दुसऱ्या दिवशी ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, एक भाकर कमी दिली तरी चालते जी, पण टायमावर येत जा." विशाखेचे उत्तर मला त्या दिवशी समजले.

तेव्हापासून आमच्या घरी घड्याळ पाहून चूल पेटते. पंचवीस माणसांसाठी अडीच किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ, तीन किलो कणकेच्या शंभरएक पोळ्या आणि एक सुकी भाजी पुरते. भात सर्वांत शेवटी करावा आणि दोन तासांच्या आत वाढून मोकळे व्हावे. शिजून बराच वेळ पडलेला भात उन्हाळ्यात हमखास बाधतो. ओल्या खोबऱ्याचे किंवा दह्याचे पदार्थ नेऊ नयेत. दवाखान्याच्या अधीक्षकांची परवानगी आधी घ्यावी आणि वॉर्डात वाढू नये. रोग्याला तर आपल्या डब्यातले काहीच देऊ नये. त्याचे पथ्य डॉक्टर ठरवितात. खाट सोडता येत नसेल त्याचा डबा शेजारच्या खाटेचा नातेवाईक नेतो, ही सोय लोकांनी आपणहून बसविली.

मग केटररला पैसे देऊन हे का करू नये, असे काही जण विचारतात. पैसे देणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. परंतु अंगुत्तर निकायात सत्पुरुषाच्या दानाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत आदराने देणे, स्वतःच्या हाताने देणे आणि टाकाऊ वस्तू न देणे ही येतात. लग्नातले उरलेले अन्न रात्री दवाखान्यात ओतून येण्याची जी चाल पडली आहे, ती या कसोटीला उतरत नाही. आमची बारा वर्षांची मुलगी पाणी वाढते. रांगेतील आजीला "आजी, बसा, मी आणून देते" असे म्हणावयास तिला कोणी शिकविले नाही. फोटो मात्र आम्ही काढत नाही, कोणाची जात विचारत नाही, भाषणही करीत नाही. भुकेल्या माणसाला ताटासमोर उपदेश ऐकविणे बरे नव्हे.

मुंबईत दादरला संत गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाचे रोगी व त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. बाबासाहेबांना ज्यांच्याविषयी आदर होता, त्या गाडगेबाबांची परंपरा ती चालविते. एवढे मोठे काम एका घराच्या आवाक्यातले नाही, हे खरे. पण तीस कुटुंबांनी महिन्यातला एकेक दिवस घेतला, तर एका दवाखान्याबाहेर महिनाभर दुपारची पंगत चुकत नाही. आम्ही सध्या चारच घरे आहोत, म्हणून आठवड्यातले चार दिवस चालतात. सोमवार, गुरुवार आणि रविवार रिकामे आहेत, आणि त्या तीन दिवशीही ती माणसे तेथेच बसलेली असतात.