खासगी दवाखाने आणि एकात्म संगणक प्रणाली

आजारी माणूस बहुधा प्रथम जवळच्या खासगी दवाखान्याची पायरी चढतो. अनेक दवाखान्यांत केसपेपर कपाटात, तपासणीचे अहवाल रुग्णाच्या पिशवीत, तर औषधांचा साठा व पैशांचा हिशेब निरनिराळ्या वह्यांत असतो. या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे डॉक्टरांची स्मरणशक्ती. रुग्ण दुसऱ्या गावी गेला की हा दुवा तुटतो.

केवळ संगणक आणल्याने हा प्रश्न सुटत नाही. बिलाची आज्ञावली एक, औषधांची दुसरी व तपासण्यांची तिसरी असेल, तर एकाच रुग्णाचे नाव तीनदा लिहावे लागते व चुकाही वाढतात. एकात्म प्रणालीत नोंद एकदाच होते. तिच्यातूनच औषधचिठ्ठी, बिल, साठ्यातील घट आणि पुढील भेटीची तारीख निघते.

क्षयरोगाचे उदाहरण

या व्यवस्थेचे महत्त्व क्षयरोगाच्या बाबतीत विशेषत्वाने जाणवते. खासगी डॉक्टरांनीही क्षयरुग्णाची माहिती शासनास कळविणे मे २०१२ पासून बंधनकारक आहे. त्यासाठी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदव्यवस्था आहे. नोंद झालेल्या रुग्णास पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. नोंद राहून गेल्यास गरीब रुग्ण या साहाय्यास मुकतो. उपचार सामान्यतः सहा महिने चालतात. ते मध्येच सुटल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो. ठरल्या दिवशी न आलेल्या रुग्णाचे नाव प्रणालीने पुढे आणले, तर त्याचा वेळीच शोध घेता येतो.

निवड करताना

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात नागरिकास १४ अंकी ‘आभा’ क्रमांक घेता येतो. नोंदी जेथे तयार झाल्या तेथेच राहतात. रुग्णाच्या संमतीने त्या अन्य डॉक्टरांना पाहता येतात. निवडलेली प्रणाली या अभियानाशी जोडता येणारी असावी. वीज वा इंटरनेट खंडित झाल्यासही काम अडू नये. विक्रेता बदलल्यास सर्व नोंदी डॉक्टरांच्या हाती याव्यात. औषध घेण्याच्या सूचना मराठीत छापता याव्यात.

रुग्णाची गुप्तता हा तर वैद्यकीचा पायाच होय. बिल करणाऱ्या कर्मचाऱ्यास रोगनिदान दिसण्याचे कारण नाही. म्हणून प्रत्येकास त्याच्या कामापुरतीच माहिती खुली असावी.

आभा क्रमांक म्हणजे काय आणि संमती केव्हा द्यावी, हे ग्रामसभेत व शाळेच्या पालकसभेत समजावून सांगता येईल. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी हे कार्य अंगीकारले, तर दवाखान्यातील नोंद ही केवळ हिशेबाची बाब न राहता रुग्णाच्या हक्काची ठेव ठरेल.