पवित्र की सोवळे?



मिस्सेत आपण परमेश्वराला तीनदा 'पवित्र' म्हणतो. मराठी कानाला या शब्दाशेजारी लगेच 'सोवळे' ऐकू येते: न शिवलेले, विटाळ न झालेले. हिब्रू 'कादोश' शब्दातही 'वेगळे ठेवलेले' हा अर्थ आहेच. तेव्हा घोटाळा केवळ मराठीचा नाही.

हाग्गय संदेष्टा (२:१२-१३) याजकांना विचारतो, वस्त्राच्या सोग्यात पवित्र मांस आहे आणि तो सोगा भाकरीला लागला, तर भाकर पवित्र होते का? याजक म्हणतात, नाही. मग प्रेताला शिवलेला माणूस तिला शिवला, तर ती विटाळते का? होय. म्हणजे विटाळ पसरतो, पावित्र्य पसरत नाही. आपल्या आजीचे गणितही हेच होते.

मार्कच्या पाचव्या अध्यायात हे गणित उलटते. बारा वर्षे रक्तस्राव होणारी बाई येशूच्या वस्त्राला शिवते. नियमशास्त्राप्रमाणे (लेवीय १५) तिचा विटाळ त्याला लागायला हवा. प्रत्यक्षात त्याचे सामर्थ्य तिला लागते. येशू हे झाकून ठेवत नाही. भर गर्दीत तो थांबतो आणि तिला 'मुली' अशी हाक मारतो.

इंग्लंडमध्ये नवख्रिस्ती लोकांत काम करणाऱ्या बिशप ऑगस्टीन यांनी पोप ग्रेगरींना हाच प्रश्न विचारला होता: मासिक पाळीत स्त्रीने चर्चमध्ये यावे का, कम्युनियन घ्यावे का? इ.स. ६०१ च्या सुमाराचे ते उत्तर बीड यांच्या इतिहासग्रंथात आहे. ग्रेगरींनी याच बाईचा दाखला दिला आणि मनाई करू नये असे कळवले. आदरापोटी कोणी स्वतः थांबली तर तिलाही त्यांनी नावे ठेवली नाहीत.

चौदाशे वर्षांनंतरही हा प्रश्न आमच्याकडे येतो, बहुधा आईमार्फत. ख्रिस्तसभेचा असा कोणताही निर्बंध नाही.

शेजारीण विचारते, "तुमच्यात चालतं?" तेव्हा 'आम्ही पुढारलेले' असा आव आणू नये. एक तर ते पुरते खरे नाही. शिवाय चौदाव्या शतकात संत चोखामेळा यांच्या पत्नी सोयराबाई यांनी अभंगातून विचारले होते की, देहच विटाळातून जन्मतो, तर शुद्ध कोण? बोलणे तिथून सुरू करावे. मग मार्कची ती बाई शेजारणीला परकी वाटणार नाही.

पुढील महिन्याच्या वाचकांची यादी सॅक्रिस्टीच्या दाराशी लावली आहे. या कारणाने ज्यांनी नाव खोडले असेल, त्यांनी ते पुन्हा लिहावे.