चिकटपट्टीचा झगा

चिकटपट्टी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. फवारणीच्या पंपाची नळी गळू लागली, की आपण तिला पट्टी गुंडाळतो. ट्रॅक्टरची गादी फाटली, विजेरीचे झाकण सैल झाले, पोराच्या दप्तराचा बंद तुटला, तरी पट्टीच धावून येते. पण या पट्टीचे अंगावर घालायचे कपडे होतात, असे कोणी सांगितले तर? आपल्या पारावरचे म्हातारे लगेच म्हणतील, "गुरुजी, हे काय याड हाये?"

याड म्हणा की हुन्नर म्हणा, गोष्ट खरी आहे. अमेरिका देशात सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली चिकटपट्टीचे झगे आणि कोट तयार करतात. ते घालून शाळेच्या समारंभाला जातात. आणि त्यात जी मुले पहिली येतात, त्यांना पुढल्या शिक्षणासाठी पैसे मिळतात. हे कसे होते, ते आज आपण पाहू.

आधी त्या समारंभाविषयी. आपल्याकडे दहावीच्या, बारावीच्या वर्गाला शाळा निरोप देते. तसाच तिकडे हायस्कूल संपताना उन्हाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी मोठा समारंभ असतो. त्याला प्रॉम म्हणतात. जेवण असते, गाणे-बजावणे असते, मुले-मुली नाच करतात. आपल्याला ते चमत्कारिक वाटेल. पण तो त्यांचा रिवाज आहे, तो त्यांच्यापाशी. त्या दिवशी मुलीने पायघोळ झगा घालायचा आणि मुलाने काळा कोट घालायचा, अशी रीत पडलेली आहे. झगा महाग असतो. कोट पुष्कळ मुले भाड्याने आणतात. तो एका रात्रीचा खर्च आईबापांना जड जातो. श्रीमंत देश म्हणून तिथे गरीब घरे नाहीत, असे समजू नका.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? निरोपाच्या दिवशी आता मुली साड्या नेसून येतात. पूर्वी शाळेच्या गणवेशातच निरोप होत असे. साडीची पद्धत कोणी पाडली कोण जाणे. मी मुख्याध्यापक असताना एका गावी अशीच एक हुशार मुलगी निरोपाला आली नाही. दोन दिवसांनी मी तिला विचारले. तिने मान खाली घातली. म्हणाली, "गुरुजी, घरात चांगली साडी एकच हाये. ते माय नेसून लग्नाले गेली." दहा वर्षे शाळेत आली ती मुलगी! आणि शेवटच्या दिवशी साडीपायी घरी बसली. कपड्याची गोष्ट लहान नाही, म्हणून हा धडा लिहिला आहे.

आता पट्टीकडे वळू. ही पट्टी म्हणजे वह्या-पुस्तकांना लावायची पातळ पारदर्शक पट्टी नव्हे. ही जाड असते. तिला डक्ट टेप म्हणतात. रुंदी सुमारे 48 मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांना थोडी कमी. तिला तीन थर असतात. वर प्लास्टिकचा थर, त्याने पाणी आत जात नाही. खाली रबराचा चिकट थर. आणि या दोहोंच्या मध्ये काय असते, सांगा पाहू? सुताचे जाळे! आपल्या खामगावच्या बाजारात ज्या कापसाच्या गाड्या लागतात, त्याच कापसाच्या जातीचे सूत. त्या जाळ्यामुळे पट्टीला बळ येते. शिवाय कात्री नसली तरी ती हाताने सरळ रेषेत फाटते.

ही पट्टी निघाली कशी, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ग्रीन रिव्हर नावाचा दारूगोळ्याचा कारखाना होता. तिथे व्हेस्टा स्टाउट नावाची एक बाई कामाला होती. तिचे दोन मुलगे आरमारात होते, लढाईवर. बाईचे काम काडतुसांच्या पेट्या तपासण्याचे आणि भरण्याचे. पेटीवर कागदाची पट्टी लावीत आणि पाणी लागू नये म्हणून पेटी मेणात बुडवीत. पट्टीचे एक टोक मोकळे ठेवीत. शिपायाने ते टोक ओढले की पेटी उघडावी, अशी योजना. पण कागदच तो! टोक ओढले की तुटून हातात येई आणि पेटी बंदच राही. समोरून गोळ्या येत आहेत आणि शिपाई पेटीला नखे लावीत बसला आहे, असे व्हायचे.

बाईच्या मनात आले, कागदाऐवजी कापडाची, पाणी न लागणारी पट्टी लावली तर? तिने वरच्या साहेबांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण पुढे काही हलेना. मग बाईने काय केले? 10 फेब्रुवारी 1943 रोजी तिने थेट राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांना पत्र लिहिले. पेटीचे चित्र काढून दाखवले. मुलगे लढाईवर आहेत, हेही लिहिले. कारखान्यात राबणारी बाई आणि देशाचा सर्वांत मोठा अधिकारी! पण पत्र पोहोचले. रुझवेल्टांनी ते युद्धसामग्रीच्या मंडळाकडे पाठवले, आणि काही आठवड्यांतच बाईला उत्तर आले की सूचना चांगली आहे. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने अशी पट्टी तयार केली. तिचा रंग लष्करी हिरवा होता.

अमेरिकेत जाड सुती कापडाला डक म्हणतात. इंग्रजीत डक म्हणजे बदक, हे पोरे शाळेत शिकतात. पण या कापडाच्या नावाचा बदकाशी संबंध नाही. डच भाषेत कापडाला जो शब्द आहे, त्यावरून ते नाव आले. लढाई संपल्यावर घरांत गरम-थंड हवा खेळवण्याचे पत्र्याचे नळ जोडायला ही पट्टी वापरू लागले. अशा नळाला डक्ट म्हणतात. पत्र्याला शोभावी म्हणून पट्टी चंदेरी झाली.

पुढे ही पट्टी चंद्राच्या वाटेवरही गेली. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 हे यान तीन माणसे घेऊन चंद्राकडे निघाले होते. वाटेत प्राणवायूची टाकी फुटली. श्वासातून निघणारी वाईट हवा साफ करायचे डबे चौकोनी आणि भोके गोल, असा पेच पडला. तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि ही चिकटपट्टी एवढ्यावर त्यांनी जोड तयार केला. तिघे जिवंत परत आले.

आता झग्याकडे येऊ. अमेरिकेच्या ओहायो राज्यात पट्टी विकणारी एक कंपनी आहे. तिच्या पट्टीचे नावच डक. या कंपनीने 2001 साली एक स्पर्धा सुरू केली. हायस्कूलच्या मुलामुलींनी समारंभाचा पोशाख कंपनीच्या चिकटपट्टीचा करावा, तो घालून फोटो पाठवावा. लोक मते देतात, परीक्षक पाहतात. वय निदान 14 पाहिजे. पहिल्याने जोडीला बक्षीस असे. पुढे झग्याला एक आणि कोट-पाटलोणीला एक, अशी वेगळी बक्षिसे झाली. बक्षिसाची रक्कम सुरुवातीला लहान होती. ती वाढत वाढत 10 हजार डॉलर आणि त्याहून वर गेली. आपल्या पैशात आठ लाखांहून जास्त. ही रक्कम कॉलेजच्या शिक्षणासाठी असते.

यात कंपनीचा स्वार्थ आहे, हे सांगायला नको. मुले पट्टी विकत घेणार, देशभर फोटो फिरणार, कंपनीचे नाव होणार. जाहिरातीच्या मानाने बक्षीस स्वस्तच पडते. व्यापारी फुकट काही देत नाही. पण मुलांच्या हातात जी कला येते ती मात्र मुलांची.

कपडा करतात कसा? टेबलावर पट्ट्या उलट्या, म्हणजे चिकट बाजू वर करून, एकीला एक लावून पसरतात. प्रत्येक पट्टीची कड शेजारच्या पट्टीवर थोडी चढवतात, आपण कौलावर कौल चढवतो तशी. मग त्यावर दुसरा थर सुलटा लावतात. चिकट बाजू चिकट बाजूला बसली, की दोन्हीकडून गुळगुळीत असे ताव तयार होतात. हेच त्यांचे कापड. आधी कागदावर माप काढून त्याप्रमाणे कागद कापतात. तो कागद तावावर ठेवून ताव कापतात. शिंपी पाठ, छाती, बाही वेगळी कापतो तसेच. कात्रीला चीक धरतो म्हणून ती मधून मधून तेलाने पुसावी लागते. तुकडे पुन्हा पट्टीनेच जोडतात. पट्टी अनेक रंगांत मिळते. कोणी फुलांच्या पाकळ्या करतो, कोणी मोराची पिसे, कोणी झालर. अंगाला चीक लागू नये म्हणून आत सुती कपडा घालतात.

आता थोडा हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या. पट्टी 48 मिलिमीटर रुंद. कड 8 मिलिमीटर चढवली, तर एका पट्टीने 40 मिलिमीटर म्हणजे 4 सेंटिमीटर जागा झाकली जाते. 1 मीटर उंचीचा आणि 2 मीटर घेराचा घागरा करायचा आहे. 2 मीटर म्हणजे 200 सेंटिमीटर. 200 भागिले 4, म्हणजे 50 पट्ट्या. प्रत्येक पट्टी 1 मीटरची, म्हणून 50 मीटर पट्टी लागली. थर दोन आहेत, म्हणून 100 मीटर. एक बंडल 20 वारांचे, म्हणजे सुमारे 18 मीटरचे धरले, तर पाच बंडले पुरत नाहीत, सहा लागतात. आणि हा नुसता साधा घागरा झाला. झालर नाही, फूल नाही, चोळी नाही.

2020 साली करोनाच्या साथीत तिकडच्या शाळांचे समारंभ रद्द झाले. तरी एका अठरा वर्षांच्या मुलीने झगा केलाच. साथीत लोकांनी जे सोसले त्याची चित्रे तिने त्या झग्यावर पट्टीची काढली. तिला 41 बंडले लागली आणि जवळपास 400 तास लागले. दिवसाला 8 तास धरले तर 50 दिवस होतात. म्हणजे शेतमजुराची पन्नास दिवसांची हजेरी! समारंभ नव्हता, नाच नव्हता, तरी पोरगी टेबलाशी बसून राहिली. मला त्या झग्यापेक्षा तिच्या बैठकीचे कौतुक वाटते.

मग आपल्या पोरींनी चिकटपट्टीचे कपडे करावे काय? माझे मत विचाराल तर नाही. पट्टी विकत घ्यावी लागते. तिच्यातून वारा जात नाही, आणि आपल्या वऱ्हाडच्या उन्हात माणूस त्यात उकडून निघेल. धुता येत नाही, शिवलेल्यासारखी उसवून पुन्हा वापरता येत नाही. प्लास्टिक आहे, तेव्हा चुलीजवळ, दिव्याजवळ, आरतीच्या ताटाजवळ तर मुळीच नको. पेटले तर वितळून कातडीला चिकटते. आणि एक गोष्ट बजावून सांगतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात हल्ली पोरे प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्यांचे पोशाख करतात. हौस चांगली आहे. पण कीटकनाशकाच्या पिशव्या किंवा डब्यांचे प्लास्टिक कधीही अंगाला लावू नये. धुतले तरी लावू नये. विष डोळ्यांना दिसत नाही.

आपल्याला पट्टीची गरजही नाही. जुन्याचे नवे करण्याची विद्या आपल्या घरातच आहे. आजीने फाटक्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून गोधडी शिवली, ती हीच विद्या. पोळ्याच्या आधी आठ दिवस गावातली तरणी पोरे बैलांच्या झुली शिवत बसतात, त्यावर आरसे लावतात, बेगड लावतात, रंगीत कागदाची बाशिंगे करतात. कोणी शिकवले त्यांना? बैलासाठी एवढी कल्पना लढवणारा पोरगा बहिणीच्या निरोपाच्या कपड्यासाठी चार तास बसला, तर त्याची मर्दुमकी कमी होत नाही.

मायची जुनी साडी जरीकडून विरली असेल, तरी मधला भाग बहुधा शाबूत असतो. साडी उजेडासमोर धरून पाहावी. विरलेली जागा लगेच कळते. तिथे खडूने खूण करावी. मग वर्तमानपत्राच्या कागदावर माप काढावे. अंगात नीट बसणारा जुना कपडा कागदावर पसरून त्याच्या कडेने रेघ मारली, की माप मिळते. शिलाईसाठी चोहोबाजूंनी एक बोटभर जागा जास्त सोडावी. आधी कागद कापावा, अंगाला लावून पाहावा, मगच साडीला कात्री लावावी. कागद चुकला तर काही जात नाही, कापड चुकले तर गेले. त्या अमेरिकेतल्या मुली हेच करतात.

ज्या मुलीचा हात यात बसेल, तिला पुढची वाटही आहे. आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्याला आठवी पास पुरते. प्रवेशाची वेळ बहुधा दहावीच्या निकालानंतर, पावसाळ्याच्या सुरुवातीला असते. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रक जवळ ठेवावे, जातीचा दाखला लागत असेल तर तो आधीच काढून ठेवावा. तहसिलीत आयत्या वेळी गर्दी असते.

घरी करण्याचा हिशेब: चोळी करायला 60 सेंटिमीटर लांब व 80 सेंटिमीटर रुंद असा ताव पाहिजे. पट्ट्या लांबीच्या बाजूने लावायच्या आहेत आणि थर दोन आहेत. पट्टी किती मीटर लागेल? 18 मीटरची किती बंडले आणावी लागतील? शेजाऱ्याशी उत्तर ताडून पाहा.