आधी ऐका, मग सांगा



११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. उद्घाटक होत्या याच जिल्ह्यातील वैशाली येडे. त्या नामवंत लेखिका नव्हत्या. शेतकऱ्याची विधवा म्हणून भोगलेले दुःख त्यांनी साध्या भाषेत सांगितले. मोठमोठे साहित्यिक त्या वेळी श्रोते झाले.

आपल्या वर्गात आपण असे श्रोते होतो का? समजा, तुमची एक वर्गमैत्रीण मराठीत भाषण करीत आहे. ती म्हणते, "कापूस वेचणीच्या दिवसांत माझी मैत्रीण शेतावर जाते. तिची शाळेची वेल चुकते." 'वेळ'ऐवजी 'वेल' ऐकताच मुले हसतात. भाषण संपल्यावर बाई अभिप्राय विचारतात. एक जण म्हणतो, "उच्चार चुकला." दुसरा म्हणतो, "छान झाले." तेव्हा ती मुलगी विचारते, "माझ्या मैत्रिणीसाठी मी काय सुचवले?" कोणालाच सांगता येत नाही. सर्वांनी तिची चूक तेवढी ऐकली होती.

उर्दूत 'ळ' हा ध्वनी नाही. म्हणून तो उच्चार सुरुवातीला अवघड जातो. वऱ्हाडी बोलीतही 'डोळा'चा 'डोया' होतो. चूक जरूर सांगावी, पण शेवटी आणि प्रेमाने.

मग अभिप्राय कसा द्यावा? बोलणाऱ्याकडे पाहा. भाषण चालू असताना मनात आपले उत्तर जुळवू नका. मुख्य मुद्दा व लक्षात राहिलेले एक वाक्य टिपून ठेवा. आपली पाळी आली, की प्रथम म्हणा, "मला असे समजले. हे बरोबर आहे ना?" नंतर आवडलेली एक गोष्ट सांगा आणि सुधारण्याजोगी एक गोष्ट सांगा. नुसते 'छान' म्हटल्याने बोलणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मुशायऱ्यात शेर आवडला, की रसिक 'मुकर्रर' म्हणतात. शेर नीट ऐकला असेल, तरच तो पुन्हा ऐकावासा वाटतो. 'दाद' हा शब्द उर्दूत आहे, तसा मराठीतही आहे. दाद देणाऱ्याने आधी कान द्यावा.

शब्दार्थ
नामवंत - मशहूर
अभिप्राय - राय
वेचणी - चुनाई
कान देणे - गौर से सुनना

स्वाध्याय
१. वर्गमैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच का देता आले नाही?
२. 'वेळ' आणि 'वेल' यांचा वाक्यांत उपयोग करा.
३. मित्राचे दोन मिनिटांचे भाषण ऐका. त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्यालाच सांगा.