बोर्ड गेला, असं म्हणण्याआधी

"बोर्ड डेड. नवा बोर्ड, नवी रॅम, नवा एसएमपीएस. विंडोज फॉरमॅट." दुकानातल्या मुलाने माझ्याच बिलाच्या पाठीमागे एवढं लिहून दिलं आणि वर म्हणाला, "ताई, आता जुन्यावर खर्च करू नका."

दुकानात नेईपर्यंत ते यंत्र चालत होतं. रडतखडत, पण चालत होतं. मी पुण्यात घरून अक्षरजुळणीचं काम करते. दिवाळी अंकांच्या दिवसांत फोटो, जाहिराती भरलेली मोठी फाइल उघडायची म्हटलं की तेवढ्यात चहा करून व्हायचा. म्हणून प्रोसेसर बदलायचा, रॅम वाढवायची आणि घरघर करणारी जुनी हार्ड डिस्क काढून टाकायची असं ठरवून मी कॅबिनेट दुकानात दिलं. नव्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणून एक साधं ग्राफिक्स कार्डही घेतलं. सगळं एका बैठकीत बसवून झालं. बटण दाबलं तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन काळी.

हा मजकूर मी त्याच यंत्रावर टाइप करते आहे. बोर्ड तोच, रॅम तीच, एसएमपीएस तोच. विंडोज फॉरमॅट करावं लागलं नाही. इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा मदतीला होता, त्यामुळे हे जमलं हे खरं. पण त्याने काही जादू केली नाही. दुकानातल्या मुलाने स्वतःला न विचारलेला एक प्रश्न त्याने विचारला: "मावशी, हे नेमकं कुठे येऊन थांबतंय?"

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत यंत्र ठरलेल्या क्रमाने जातं. आधी वीज, मग प्रोसेसर, मग रॅम, मग ग्राफिक्स, मग डिस्क, आणि शेवटी विंडोज. बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते कळलं की निम्म्याहून अधिक संशयित आपोआप सुटतात. पंखासुद्धा फिरत नसेल तर विंडोजचा विचार करण्यात अर्थ नाही. स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह दिसत असेल तर प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स किमान उभे राहिलेत. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात, त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं असतं. जो दिवा लागून राहतो तिथे गाडी अडली आहे. दिवे नसतील तर एक छोटा स्पीकर बोर्डाच्या पिनांवर बसवता येतो, त्याच्या बीपांचा अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेत असतो. आमच्या बोर्डावर सीपीयूचा दिवा अडून बसला होता. दुकानात तो कुणी पाहिला होता की नाही, देव जाणे. त्यांनाही फार दोष देववत नाही. रोज दहा कॅबिनेटं उघडणाऱ्या माणसाला शोधत बसण्यापेक्षा बदलणं स्वस्त पडतं, फक्त ते स्वस्त त्याच्या वेळेच्या हिशेबात असतं.

आता सीपीयूचा दिवा का? बोर्ड बी ४५० चिपसेटचा, २०१९ मध्ये घेतलेला. त्यावर रायझन ३ ३२००जी होता. नवा रायझन ५ ५६०० त्याच एएम४ सॉकेटमध्ये अगदी बरोबर बसतो, आणि इथेच लोक फसतात. सॉकेट जुळलं म्हणजे काम झालं असं वाटतं. पण बोर्डाच्या चिपमध्ये जो बायोस असतो, त्याला त्या प्रोसेसरची ओळख असावी लागते. हा प्रोसेसर बाजारात आला २०२२ च्या एप्रिलमध्ये. २०१९ च्या बायोसला तो ओळखता येणं शक्यच नव्हतं. बोर्ड मेला नव्हता, समोर कोण बसलाय हे त्याला कळत नव्हतं.

उपाय सरळ होता, पण उलट्या दिशेने जाणारा: जुना प्रोसेसर परत बसवायचा, बायोस अद्ययावत करायचा, मग पुन्हा नवा. सुदैवाने जुना प्रोसेसर मी दुकानातून मागून आणला होता. तुम्हीही मागा. काढलेला प्रत्येक भाग आपला असतो आणि दुरुस्तीत त्याची किंमत नव्यापेक्षा जास्त ठरू शकते. काही बोर्डांना मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असतं, तिथे प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस भरता येतो. आमच्या बोर्डाला ते नव्हतं.

एएम४ प्रोसेसर काढताना घाई नको. त्याच्या पोटाला १३३१ नाजूक पिना असतात आणि वाळलेली पेस्ट त्याला हीटसिंकला असं चिकटवून ठेवते की हीटसिंक सरळ वर ओढलं तर प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो. यंत्र चालू असेल तर आधी थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करावी, मग बंद करून हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडवावं. आमचं चालतच नव्हतं, तेव्हा भाच्याने हेअर ड्रायरची ऊब दिली. त्याआधी वायर भिंतीतून काढायची, एकदा पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज उतरवायची आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची.

बायोसची फाइल बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या, आणि बोर्डाचा क्रमांक बिलावरून नव्हे तर बोर्डावर छापलेला वाचा. शेवटी 'रेव्ह' म्हणून आवृत्ती छापलेली असेल तर तीही. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, अपडेट विंडोजमधून न करता बायोसच्या आतल्या सोयीने, आणि यंत्र यूपीएसवर. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड खरोखरच मरू शकतो. पावसाळ्यात आमच्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून आधी यूपीएस किती वेळ तग धरतो ते पाहून घेतलं.

या टप्प्यावर केबलचा एक घोळ होतो. ३२००जी मध्ये ग्राफिक्स आहे, तेव्हा तो लावला की मॉनिटरची केबल बोर्डाच्या सॉकेटात लावून चालते. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, तेव्हा तो असताना केबल कार्डातच हवी. आणि कार्ड बसवलेलं असलं की बरेच बोर्ड स्वतःचं सॉकेट बंद ठेवतात. 'नो डिस्प्ले' म्हणून दुकानात येणाऱ्या कॅबिनेटांपैकी काहींचा आजार एवढाच असतो, असं मला त्या व्यवसायातल्या एकाने हसत सांगितलं.

नवा प्रोसेसर बसवल्यावर स्क्रीन उजळली. आणि पहिलाच निरोप: नवा प्रोसेसर दिसतो आहे, एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन? इथे सवयीने वाय दाबू नका. विंडोजचं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची किल्ली या एफटीपीएममध्ये असते. ती पुसली गेली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्कवरचं सगळं असून नसल्यासारखं. माझ्या यंत्रावर ते कुलूप नव्हतं. माझ्या एका मैत्रिणीच्या यंत्रावर होतं आणि ते तिला ठाऊकच नव्हतं, कारण नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ते बऱ्याचदा आपोआप चालू होतं. तिची की त्या खात्यात जपून ठेवलेली निघाली म्हणून निभावलं. हार्डवेअरला हात लावण्याआधी ही की शोधून कागदावर उतरवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. बायोस बदलण्याआधीही तेच.

पुढचा थांबा डिस्कचा. बूट होण्याजोगी डिस्क सापडत नाही, असं यंत्र म्हणू लागलं. विंडोज तर एसएसडीवर होतं आणि बायोसमध्ये एसएसडी दिसतही होती. "म्हणून फॉरमॅट," असं दुकानात म्हणाले असते. भाच्याने कोपऱ्यात ठेवलेली जुनी हार्ड डिस्क परत जोडली आणि विंडोज निमूटपणे सुरू झालं.

झालं होतं असं की, पूर्वी कधीतरी विंडोज टाकताना दोन्ही डिस्का जोडलेल्या होत्या. अशा वेळी विंडोज स्वतः एका डिस्कवर बसतं आणि त्याला सुरू करणारा छोटासा भाग, ईएफआय पार्टिशन, दुसऱ्या डिस्कवर आधीपासून असेल तर तोच वापरतं. वर्षानुवर्षं काही कळत नाही. दुसरी डिस्क काढली की घर शाबूत आणि दाराची चावी भंगारात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिलं की ईएफआय पार्टिशन कुठल्या डिस्कवर आहे ते स्पष्ट दिसतं. त्याहून सोपी परीक्षा अशी: कुठलीही डिस्क कायमची काढण्याआधी यंत्र बंद करून तिची केबल फक्त सोडवा आणि विंडोज येतं का पाहा. आम्ही आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेर काढली, मग एसएसडीवर काही शे एमबीची जागा मोकळी करून तिथे फॅट३२ चं नवं ईएफआय पार्टिशन केलं आणि विंडोजच्याच बीसीडीबूट या आज्ञेने सुरुवातीच्या फाइली तिथे लिहिल्या. त्यानंतर जुनी डिस्क सुखाने निवृत्त झाली.

डिस्क हरवण्याची आणखी दोन कारणं आजूबाजूच्या यंत्रांवर दिसली. एम.२ ची नवी एसएसडी लावली की काही बोर्डांवर एक-दोन साटा सॉकेटं बंद पडतात, कारण दोघांचा मार्ग एकच असतो. कुठली ते पुस्तिकेत असतं, केबल शेजारच्या सॉकेटात हलवली की काम होतं. दुसरं जास्त चकवणारं. बायोस अपडेट केला किंवा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून बसवला की बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. साटाचा मोड एएचसीआयचा रेड होतो किंवा उलट, जुन्या पद्धतीने बूट होण्याची सोय बंद होते, आणि कालपर्यंत चालणारं विंडोज निळ्या स्क्रीनवर कोसळतं. सेल काढणं हा पहिला उपाय म्हणून सगळेच सांगतात. तो उपयोगी आहेच. पण त्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा.

रॅमची गोष्ट थोडक्यात. दुकानाने जुनी २४०० ची आणि नवी ३२०० ची स्टिक शेजारी-शेजारी खोचली होती. चार स्लॉट असतील तर दोन स्टिकांसाठी सहसा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो. बायोसमध्ये एक्सएमपी चालू ठेवून ३२०० चा वेग लादला की यंत्र मध्येच आपोआप रीस्टार्ट व्हायचं, दोन्ही २४०० वर चालवल्या आणि ते थांबलं. मला वेगापेक्षा पानं न हरवणं महत्त्वाचं. शंका राहिली तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू द्यावं. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांना खोडरबर लावण्याचा आपल्याकडचा उपाय मी नावं ठेवण्याजोगा समजत नाही. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत तर तो अनेकदा लागू पडतो. मात्र रबर मऊ पांढरं हवं आणि त्याचा चुरा स्लॉटात जाता कामा नये. बऱ्याचदा गुण रबराचा नसतो, स्टिक काढून नीट बसवल्याचा असतो. कित्येक बोर्डांवर खिट्टी एकाच बाजूला असते आणि दुसरं टोक अर्धवट वर राहिलेलं डोळ्यांना दिसत नाही. डीडीआर५ असेल तर आणखी एक सांगते: नव्या रॅमवर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. यंत्र रॅमशी जुळवून घेत असतं. लोक घाबरून बटण दाबून ठेवतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

विजेच्या बाबतीत मात्र प्रयोग नकोत. प्रोसेसरला जाणारी आठ पिनांची वायर आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला सारखी असली तरी आतली जोडणी वेगळी असते, जबरदस्तीने खोचली तर जळते. वायरी सुट्या होणाऱ्या एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला लावू नयेत, टोक बसलं तरीही. नवं कार्ड जड असेल तर यूपीएसकडेही पाहा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. काम सुरू करताच तो किंचाळून बंद पडत असेल तर बिचाऱ्या विंडोजचा दोष नसतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तिसरी पिन नुसती शोभेची असते.

बोर्ड खरंच जातात. जळका वास, फुगलेले कपॅसिटर, सॉकेटातल्या वाकलेल्या पिना, ही खरी लक्षणं. यातलं काहीच दिसत नसेल तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून फक्त प्रोसेसर, हीटसिंक, एक रॅम आणि एसएमपीएस एवढ्यावर चालवून पाहायला सांगा, ग्राफिक्ससाठी लागेल तर कार्ड. तिथे चाललं आणि कॅबिनेटमध्ये चाललं नाही, तर बोर्डाखाली जास्तीचा एखादा पितळी स्क्रू टेकून शॉर्ट होत असेल. बोर्ड बदलण्याला होकार देण्याआधी विंडोजचं लायसन्स आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे का तेही पाहा, कारण ते बोर्डाशी बांधलेलं असतं आणि यंत्रासोबत आलेलं लायसन्स सहसा दुसऱ्या बोर्डावर जात नाही. माझ्या बाबतीत तर फॉन्टच्या सॉफ्टवेअरचंही नव्याने ॲक्टिव्हेशन करावं लागलं असतं, आणि तेही ऐन ऑक्टोबरात.

दुकानात जायचंच असेल तर कॅबिनेटसोबत एक कागद न्या. कुठला भाग बदलला, त्यानंतर यंत्र कुठे थांबलं, कुठला दिवा लागला, बायोसची आवृत्ती काय, एवढं त्यावर असू द्या. एकाहून जास्त बदल असतील तर एक बसवून चालवून दाखवा, मगच दुसरा, असं आधीच ठरवून घ्या. त्याचे दोनशे-चारशे रुपये जास्त मागितले तर द्या.