अपस्मार आणि मेंदूतील ग्राही

अपस्मारालाच बोलीभाषेत फेफरे, मिरगी किंवा फिट म्हणतात. फेफरे आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा वहाण धरण्याचा प्रघात महाराष्ट्रात अजून आढळतो. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय मात्र वहाणेला मिळते. झटका येऊच नये यासाठी खरे उपयोगी पडते ते औषध. ते मेंदूत नेमके काय करते?

मेंदूतील असंख्य पेशी एकाच वेळी अनावरपणे विद्युत्संदेश सोडू लागल्या म्हणजे झटका येतो. या पेशींना आवर घालण्याचे काम ‘गाबा’ नावाचे द्रव्य करते. पेशीच्या आवरणावर काही विशिष्ट प्रथिने असतात. त्यांस ग्राही म्हणतात. गाबा आपल्या ग्राहीला चिकटला की त्यातील सूक्ष्म द्वार उघडते, ऋणभारित क्लोराइड कण आत शिरतात आणि पेशी शांत होते.

चालू झटका थांबविण्यासाठी डॉक्टर डायझेपाम देतात. १९७७ मध्ये डेन्मार्क व स्वित्झर्लंड येथील संशोधकांनी किरणोत्सर्गी डायझेपाम उंदरांच्या मेंदूच्या ऊतीत मिसळले, तेव्हा ते ठरावीक जागीच घट्ट बसले. या वर्गातील जे औषध तेथे अधिक घट्ट बसे, त्याची मात्राही सामान्यतः कमी पुरे. ही जागा गाबाच्या ग्राहीवरच आहे, हे पुढे सिद्ध झाले. डायझेपाममुळे ते द्वार अधिक वेळा उघडते; १९१२ पासून अपस्मारावर वापरात असलेल्या फिनोबार्बिटालमुळे ते अधिक काळ उघडे राहते.

परंतु नुसते चिकटणे पुरेसे नाही. फ्लुमाझेनिल हे द्रव्य डायझेपामच्याच जागी बसते. स्वतः मात्र जवळजवळ काहीच न करता डायझेपामचा परिणाम घालविते. बीटा-कार्बोलिन वर्गातील काही द्रव्ये तर तेथेच बसून झटके आणतात. किल्ली कुलपात बसणे वेगळे आणि ती कोणत्या बाजूस फिरते, हे वेगळे.

हे बंधन कायमचेही नसते. औषधाचे रेणू ग्राहीवर बसतात, सुटतात आणि पुन्हा बसतात. रक्तातील औषध घटले की जागा रिकाम्या पडू लागतात. म्हणूनच झटके थांबले तरी रोजची गोळी चुकवू नये. ती एकाएकी बंद केल्यास पूर्वीपेक्षाही तीव्र झटके येऊ शकतात. मात्रा कमी करावयाची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

झटका आलाच, तर रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि पाच मिनिटांत तो न थांबल्यास रुग्णालय गाठावे. वहाण पायातच राहू द्यावी.