घरची कॉफी : एका कपाचा हिशेब

कापडाच्या धंद्यात गिऱ्हाइकाला चहा-कॉफी विचारल्याशिवाय तागा उलगडला जात नाही. हा जुना दस्तूर आहे. पूर्वी शेजारच्या हॉटेलातून चहाची किटली आली की काम भागत असे. आता बाहेरगावचा तरुण व्यापारी येतो आणि चहा नको, कॅपुचिनो मागवा म्हणतो. घरीही हीच स्थिती आहे. मुले-मुली मित्रांबरोबर कॅफेत जातात. दोन कप कॉफीचे पाचशे रुपये होतात. आमच्या पिढीला हा आकडा ऐकून धक्का बसतो, पण नुसते रागावून काही साधत नाही. हिशेब मांडला पाहिजे.

माझा स्वतःचा अनुभव आधी सांगतो. २०२२ साली घरच्या मुलांच्या आग्रहाखातर मी चौदा हजार रुपयांचे विजेवर चालणारे कॉफी मशीन आणले. रोज बाहेरचा खर्च वाचेल हा विचार होता. दोन महिने कौतुक झाले. मग नळी चोंदली, साफसफाईचा कंटाळा आला आणि मशीन फडके टाकून कोपऱ्यात गेले. त्यावर मोजून चाळीसेक कप झाले असतील. म्हणजे पावडर, दूध, वीज सोडून एका कपामागे नुसत्या मशीनचे साडेतीनशे रुपये पडले. कॅफेची कॉफी याहून स्वस्त होती. कापडात असा सौदा केला असता तर मुनीमजींनी मला गादीवरून उठवले असते.

या तोट्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवीत आहे. चांगल्या कॉफीची चव मशीनमध्ये नसते. ती ताज्या पावडरीत, वजनात, पाण्याच्या उष्णतेत आणि दुधाच्या फेसात असते. या चार गोष्टी जमल्या तर दोनशे-तीनशे रुपयांच्या कपाच्या तोडीचा कप घरी वीस-बावीस रुपयांत होतो.

हा माल आपल्याला परका नाही

कॉफीची मोठमोठी नावे ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. 'कॉफी' हा शब्दच अरबी 'कहवा'वरून निघाला. कॅफेच्या पाटीवर 'मोका' लिहिलेले असते. ते येमेनमधील मोखा बंदराचे नाव आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी बुजुर्गांनी हजहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, म्हणजे आपल्या शेजारच्या राज्यात.

एके काळी मळेवाल्याला आपली कॉफी कॉफी बोर्डाकडेच द्यावी लागे. ते बंधन टप्प्याटप्प्याने सैल होऊन १९९६ मध्ये पूर्ण सुटले. त्याच वर्षी बंगलोरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान निघाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स आले. कॅफेवाला दर लावतो तो नुसत्या कॉफीचा नसतो. जागेचे भाडे, पगार, थंड हवा आणि तासभर बसण्याची खुर्ची हे सर्व त्यात असते. तो लुटतो असे म्हणणे बरोबर नाही. पण घरी खुर्ची आपलीच आहे. मग तिचे भाडे का द्यावे?

माल पारखून घ्या

शर्टिंगच्या तुकड्यावर ६७:३३ छापलेले असते आणि गिऱ्हाइकाला पॉलिएस्टर किती, सूत किती ते कळते. कॉफीच्या पाकिटावरही असेच मिश्रण छापलेले असते. कॉफीत चिकोरी मिसळतात. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. त्याने रंग आणि दाटपणा येतो, पण त्यात कॉफीची तरतरी नसते. मिश्रणात कॉफी निम्म्याहून जास्त, कमीत कमी ५१ टक्के, असली पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे, असा कायदा आहे.

आता भावाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. समजा एक पाकीट ६०:४० मिश्रणाचे, ५०० रुपये किलो आहे. दुसरे ८५:१५ चे, ७५० रुपये किलो. पहिले अडीचशेने स्वस्त वाटते. पण त्यात कॉफी फक्त ६०० ग्रॅम आहे. म्हणजे निव्वळ कॉफीचा भाव ८३३ रुपये पडला. दुसऱ्यात ८५० ग्रॅम आहे, म्हणजे भाव ८८२ रुपये. खरा फरक अडीचशेचा नसून ४९ रुपयांचा आहे. दूध घालून प्यायची असेल तर १५ ते २० टक्के चिकोरी चालते. बिनदुधाची किंवा थंड कॉफी करायची तर चिकोरी नसलेलीच घ्यावी.

बियांच्या दोन मुख्य जाती आहेत. अरेबिकाला सुवास जास्त, रोबस्टाला दाटपणा आणि कडवटपणा जास्त. दोन्ही मिसळून घेतल्यास दुधात चव टिकते. सुट्या पावडरीत चिकोरी किती याचा संशय आला तर ग्लासभर थंड पाण्यावर चिमूटभर टाकून पाहावी. कॉफी वर तरंगते. चिकोरी लगेच तळाशी जाते आणि जाताना रंगाची रेघ सोडते.

पावडर एका वेळी दोनशे ग्रॅमच्या वर घेऊ नये. दळल्यावर सुवास दिवसागणिक उडत जातो. मुंबईत माटुंग्याला बिया डोळ्यांदेखत दळून देणारी दुकाने आहेत. जिथे ती सोय नाही तिथे पाकिटावरची तारीख पाहून घ्यावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. ब्राझील आणि व्हिएतनामच्या दुष्काळामुळे २०२४ पासून जगभर कॉफी कडाडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने पौंडाला चार डॉलरची पातळी ओलांडली होती. अशा महागाच्या मालाची नासाडी परवडत नाही.

एक अर्क, अनेक पेये

कॅफेची यादी मोठी असली तरी बहुतेक गरम पेये तीनच गोष्टींची बनतात : कॉफीचा दाट अर्क, दूध आणि फेस. प्रमाण बदलले की नाव बदलते. म्हणून आधी अर्क शिकावा.

स्टीलचा दाक्षिणात्य कॉफी फिल्टर घ्यावा. वरच्या भांड्यात ४० ग्रॅम पावडर घालून दांडीच्या चकतीने हलके दाबावे. जोराने दाबल्यास पाणी खाली उतरत नाही. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबावे. मग आधी थोडेसे ओतून पावडर भिजवावी, अर्ध्या मिनिटाने उरलेले ओतावे. एकूण पाणी २४० मिलिलिटर. झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटे हात लावू नये. पावडर आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी शोषते. म्हणून खाली साधारण १६० मिलिलिटर अर्क मिळतो. एका कपाला ४० मिलिलिटर, म्हणजे चार कप झाले. चमच्याचा अंदाज चालणार नाही. छोटा वजनकाटा ठेवावा. आपण कापड हाताने मोजून विकत नाही, मीटरनेच विकतो.

फिल्टर नसेल तर गरम पाण्यात पावडर घालून गॅस बंद करावा, चार मिनिटे झाकून दुहेरी मलमलीतून गाळावे. मात्र कोऱ्या मलमलीला खळ असते. ती आधी उकळत्या पाण्यात दोनदा काढावी आणि साबण लावू नये, नाहीतर कॉफीला कांजीचा वास येईल. रंगीत कापड मुळीच वापरू नये.

कॅफेतील मशीन सुमारे नऊ बारच्या दाबाने पाणी ढकलते. तेवढा दाट अर्क आणि त्यावरची सोनेरी साय घरच्या फिल्टरला येत नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणूनच कॅफे एका कपाला सात ते नऊ ग्रॅम वापरतो तिथे आपण दहा ग्रॅम वापरतो. दूध घातल्यावर फरक फारसा उरत नाही.

फेसाचे तंत्र

कपाची शान फेसात आहे. पिशवीचे दूध पाश्चराइज्ड असते, ते फक्त गरम करावे. सुटे दूध आधी उकळून, थंड करून मग वापरावे. कॉफीसाठी दूध ६० ते ६५ अंशांवर थांबवावे. भांड्याला हात लावून ठेवता येत नाही, पण दूध उकळायला लागलेले नाही, अशी ती वेळ. त्यापुढे दुधाचा गोडवा जातो.

बॅटरीवर चालणारी फेटणी तीन-चारशे रुपयांत मिळते. अर्धा मिनिट फिरवली की दूध फुगते. तीही नको असेल तर गार दूध अर्ध्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून चाळीस सेकंद हलवावे आणि मग गरम करावे. गरम दूध बंद बाटलीत कधीही हलवू नये. आतल्या वाफेने झाकण उडून भाजण्याचा धोका असतो. कमी स्निग्धांशाच्या दुधाला फेस जास्त येतो, फुल क्रीमला चव जास्त येते. शिळे दूध फेस धरत नाही.

पेये अशी करावी

कॅपुचिनो : ४० मिलिलिटर गरम अर्क, १०० मिलिलिटर फेटलेले दूध. आधी चमच्याने फेस अडवून दूध ओतावे, मग वर फेस. चिमूटभर कोको भुरभुरावा.

लाटे : तेवढाच अर्क, १५० मिलिलिटर दूध, फेसाचा पातळ थर. इटालियन भाषेत लाटे म्हणजे दूधच.

मोका : एक चमचा कोको आणि दोन चमचे साखर आधी गरम अर्कात विरघळवून मग दूध. कोको नंतर टाकला तर गाठी होतात.

अमेरिकानो : अर्कात १०० मिलिलिटर गरम पाणी, बस.

फेटलेली कॉफी : इन्स्टंट कॉफी, साखर, गरम पाणी प्रत्येकी दोन चमचे घेऊन रंग फिका आणि मिश्रण घट्ट होईपर्यंत फेटावे, मग दुधावर घालावे. २०२० च्या टाळेबंदीत जगाने याला 'डालगोना' म्हणून डोक्यावर घेतले. आपल्या घरांत मेहमानांसाठी अशी कॉफी कितीतरी आधीपासून फेटली जाते. फिल्टरची पावडर पाण्यात विरघळत नाही, म्हणून इथे इन्स्टंटच लागते.

कोल्ड ब्रू : बिनचिकोरीची जाडसर दळलेली १०० ग्रॅम पावडर ८०० मिलिलिटर थंड पाण्यात भिजवून बारा ते सोळा तास फ्रिजमध्ये ठेवावी व मलमलीतून गाळावी. सुमारे ६०० मिलिलिटर अर्क निघतो. १०० मिलिलिटर अर्कात तेवढेच दूध किंवा पाणी घातले की एक ग्लास होतो. हे पेय पावडर सर्वांत जास्त खाते, ग्लासाला सोळा-सतरा ग्रॅम. म्हणून रोजचे करू नये.

व्हॅनिलाच्या पाकाचे कॅफेत वेगळे पैसे लागतात. घरी २०० ग्रॅम साखर आणि तेवढेच पाणी उकळून, थंड झाल्यावर इसेन्सचे काही थेंब घातले की वीस कपांचा पाक होतो.

एका कपाचा खर्च

कॅपुचिनोचा हिशेब मांडू. पावडर ८०० रुपये किलो, दूध ७२ रुपये लिटर आणि साखर ४५ रुपये किलो धरली आहे. आपल्या गावचा भाव घालून आकडे बदलावेत.

पावडर १० ग्रॅम : ८.०० रुपये
दूध १०० मिलिलिटर : ७.२० रुपये
साखर १० ग्रॅम : ०.४५ रुपये
गॅस व कोको : १.५० रुपये
घट १० टक्के : १.७० रुपये

एकूण १८.८५ रुपये. फिल्टर, फेटणी, वजनकाटा मिळून १३०० रुपये धरू. रोज दोन कप केले तर वर्षात ७३० कप होतात. म्हणजे कपामागे पावणेदोन रुपये. सर्व मिळून २०.६०, धरून चाला २१ रुपये. बाहेर हाच कप २५० रुपयांना मिळतो.

एक घर महिन्याला बाहेर आठ कप पीत असेल तर २००० रुपये, वर्षाला २४००० रुपये जातात. घरी तेच आठ कप १६८ रुपयांत होतात. पण इथेच मोठी चूक होते. कॉफी स्वस्त झाली म्हणून घरात रोज चार कप सुरू झाले, तर महिन्याला १२० कप, म्हणजे २५२० रुपये. बाहेरच्यापेक्षा पाचशे वीस रुपये जास्त! दर उतरला की खप वाढतो, हे कापडाच्या सेलमध्ये आपणच रोज पाहतो. तेव्हा बचत हवी असेल तर कपाच्या दराबरोबर कपांची संख्याही ठरवावी.

मशीन घ्यावे का, असे पुष्कळ जण विचारतात. आधी सहा महिने फिल्टरवर रोज करून पाहावे. सवय टिकली तर मोका पॉट ही पुढची पायरी आहे. चुलीवर ठेवायचे हे भांडे इटलीत १९३३ मध्ये निघाले. त्याचा दाब दीड बारच्या आसपास असला तरी अर्क फिल्टरपेक्षा कडक येतो. मशीनचा विचार त्यानंतर करावा. आधी गिऱ्हाईक, मग माल, हा नियम घरालाही लागू आहे.

आमच्या दुकानात आता सकाळी फिल्टर लावून ठेवतो. मेहमान आला की पाच मिनिटांत कप समोर जातो. परवा एका व्यापाऱ्याने कप संपवून विचारले, "चाचा, कुठून मागवलीत?" मी त्याला स्टीलचा फिल्टर दाखवला. तो हसला, आणि मग आम्ही भावाचे बोलायला बसलो. ते चौदा हजारांचे मशीन अजून घरी आहे. ते विकले नाही. नवीन काही घेण्याची इच्छा झाली की त्याच्याकडे एकदा पाहतो.